बजेटमधली अचूक रायफल: कारखान्यातली तयार घ्यावी की कस्टम जुळवावी?

डोंगरवाट (डेन्व्हर)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात घोळणारा प्रश्न आज विचारतोय.

साताऱ्यात कॉलेजला असताना एनसीसीत होतो. कॅम्पला .२२ रायफलच्या मोजून पाच गोळ्या वाट्याला यायच्या आणि त्या पाच गोळ्यांसाठी पहाटेची परेड आनंदानं केलेली आहे. ती ओढ कधी गेलीच नाही. अमेरिकेत येऊन अकरा वर्षं झाली, गेल्या वर्षी ग्रीन कार्ड आलं. बायकोशी नीट बोलून ठरवलंय की आता लांब पल्ल्याच्या नेमबाजीत उतरायचं. शिकार करायची नाही. इथे पीआरएस (प्रिसिजन रायफल सिरीज) धर्तीच्या क्लब मॅचेस होतात, बॅरिकेडसारख्या आडोशांवर रायफल टेकवून मोजक्या वेळात नेम साधायचा, ३०० ते १००० यार्डांवर पोलादी पाट्या असतात, त्या मारायच्या.

बजेट सगळं मिळून ३००० डॉलर. यापुढे एक पैसा जाणार नाही, तसा शब्द दिलाय.

समोर दोन रस्ते आहेत. एक, टिक्का टी३एक्स सीटीआर किंवा बर्गारा बी-१४ एचएमआर, दोन्ही ६.५ क्रीडमूर या काडतुसाच्या, दुकानातून उचलायची आणि सुरू करायचं. दुसरा, झरमॅटची ओरिजिन ॲक्शन (बोल्ट ज्यात चालतो तो रायफलचा गाभा), त्यावर प्रीफिट, म्हणजे तयार कापून आलेलं, बॅरल, ट्रिगरटेकचा ट्रिगर आणि केआरजी ब्राव्हो चासी (हे सगळं ज्यात बसतं तो दस्ता, म्हणजे स्टॉक) असं स्वतः जुळवायचं. रेंजवरचे निम्मे लोक म्हणतात, “एकदाच खर्च कर, नीट कर.” उरलेले म्हणतात, “आधी नेम शीक.” दोघंही अनुभवी. मला काही सुचेनासं झालंय.

गल्फकोस्ट (ह्यूस्टन)

डोंगरवाट, स्वागत. पाच वर्षं मॅचेस करतोय, तेव्हा थेट हिशेबच मांडतो. ३००० मध्ये गोळ्या धरल्यात का? बहुतेक जण धरत नाहीत आणि घोडं तिथेच अडतं.

टिक्का सीटीआर साधारण १२००. स्कोप ९००, त्याखाली जाऊ नका, कारण त्यावरची टरेट, म्हणजे नेम हलवायची चकती, फिरवल्यावर सांगितलं तेवढंच सरकलं पाहिजे आणि परत शून्यावर आलं पाहिजे. स्कोप धरायच्या रिंगा १००, दोन पायांचा बायपॉड १५०, बॅरिकेडवर ठेवायची वाळूची पिशवी १००. झाले २४५०. उरले ५५०. फॅक्टरी मॅच गोळी आज पावणेदोन-दोन डॉलरला पडते, म्हणजे जेमतेम ३०० गोळ्या.

आता तुमची कस्टम. ॲक्शन ९००, बॅरल ४५०, ट्रिगर १६०, चासी ४००, टॉर्क रेंच आणि गेज वगैरे १००. हे झाले २०१०. त्यात तोच ९०० चा स्कोप घातला की २९१०. नव्वद डॉलरमध्ये रिंगा येतील. गोळ्या नाहीत, बायपॉड नाही, पिशवी नाही. रायफल देखणी होईल आणि कपाटात उभी राहील.

पुढचंही ऐका. एक दिवसाच्या मॅचला ८० ते १०० गोळ्या जातात. वर्षाला दहा मॅचेस आणि तेवढाच सराव धरला तर २००० गोळ्या, म्हणजे साडेतीन-चार हजार डॉलर. या छंदात रायफल हा स्वस्त भाग आहे. मी हे पहिल्या वर्षी समजून घेतलं असतं तर माझी बरीच पदरमोड वाचली असती.

उद्यमनगरी (मिशिगन)

गल्फकोस्ट यांचा हिशेब चोख आहे, पण कस्टमची बाजू त्यात पूर्ण येत नाही. ती मी मांडतो.

मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात वडिलांच्या लेथवर वाढलो, आता इथे टूलरूममध्ये आहे. लोक समजतात की कस्टम म्हणजे अर्ध्या इंचाचा ग्रुप, म्हणजे गोळ्यांची सगळी भोकं अर्ध्या इंचात. खरी गोष्ट बॅरलची आहे.

रेमिंग्टन ७०० ही ॲक्शन १९६२ साली आली आणि आजच्या बहुतेक चासी आणि ट्रिगर तिच्याच मापानं बनतात. पण जुन्या ॲक्शन एकमेकींशी हजारांश इंचांत जुळत नसत. म्हणून बॅरल बदलायचं तर ॲक्शन गनस्मिथकडे पाठवायची, त्यानं त्या एका ॲक्शनपुरतं बॅरलचं चेंबर आणि खांदा कापायचा. काडतूस चेंबरमध्ये नेमकं किती आत बसतं, तो हेडस्पेस त्यावर ठरतो. तो चुकला तर जीवाशी गाठ. आज ओरिजिनसारख्या ॲक्शन इतक्या घट्ट टॉलरन्समध्ये निघतात की बॅरलवाला नुसत्या ड्रॉइंगवरून बॅरल पुरं करून पाठवतो. आपण घरी व्हाइसमध्ये धरायचं, आटे स्वच्छ करायचे, सांगितलेल्या टॉर्कला आवळायचं आणि गो व नो-गो गेज लावून हेडस्पेसची खात्री करायची. गेज न लावता एकही गोळी झाडायची नाही, हे माझं घरातलं ठाम बजावणं आहे.

आणि बॅरल संपतं हो. ६.५ क्रीडमूरचं दोन ते तीन हजार गोळ्यांत उतरणीला लागतं. माझं पहिलं बॅरल २६०० ला काढलं आणि बोअरस्कोप (नळीत घालायचा बारीक कॅमेरा) घालून पाहिलं. चेंबरच्या पुढ्यात, जिथे ज्वाळा पहिल्यांदा लागते, तिथलं पोलाद उन्हाळ्यात आटलेल्या तळ्याच्या चिखलासारखं तडकलं होतं. बारीक चौकोनी भेगा, आणि त्यांच्या पुढे गोळीला फिरकी देणारे नळीतले आटे गायब. गिरणीतलं जातं बोथट झालं की त्याला टाकी लावून घेतात, कोणी गिरणी बदलत नाही. कस्टम ॲक्शन ही ती गिरणी. बॅरल येतील आणि जातील.

तेव्हा बजेट वर्षाचं धरा. पहिल्या दिवसाचं धरू नका.

रानमेवा (सॅन होजे)

उद्यमनगरी यांनी प्रीफिटबद्दल लिहिलंय ते पटतंच. पण “कस्टम” म्हणजे गनस्मिथला सगळं सोपवणं असंही अनेकांना वाटतं, त्यांच्यासाठी सांगते. माझ्या नवऱ्यानं एका गनस्मिथकडे रायफल बांधायला दिली होती. चार महिने सांगितले, अकरा लागले. त्या अकरा महिन्यांत आमच्याकडे ना पैसे होते ना रायफल, पूर्ण मोसम बघ्याची भूमिका. आली तेव्हा काम सुंदर होतं, पण बोल्ट उचलताना अडखळायचा, म्हणून परत पाठवावी लागली. नवीन माणसानं पहिल्या रायफलला हे करू नये असं मला मनापासून वाटतं. पहिल्या वर्षी हातात काहीतरी असणं सगळ्यात महत्त्वाचं.

शमिका_र (पुणे)

मी इकडची, ५० मीटर थ्री पोझिशन (गुडघ्यावर, आडवं पडून आणि उभं राहून) करायचे, बालेवाडीला बरीच वर्षं काढली. तुमचा खेळ वेगळा आहे, बॅरिकेड आणि वारा आमच्याकडे तसा नाही. तरी एक गोष्ट दोन्हीकडे तीच आहे, ती म्हणजे रायफल अंगाला बसणं.

आमच्या सरांनी पहिले तीन महिने गोळी मोजलीच नाही. बट प्लेट खांद्यात कुठे टेकते, गाल चीकपीसवर (स्टॉकवरची गाल टेकायची पट्टी) पडला की डोळा आपोआप मध्यावर येतो का, एवढंच. ते तपासायची पद्धत सांगते, घरी रिकाम्या रायफलवर करा, आधी चेंबर दोनदा बघून. डोळे मिटा, रायफल खांद्याला घ्या, गाल टेकवा, मग डोळे उघडा. स्कोपमध्ये कडेला काळी चंद्रकोर दिसली तर स्टॉक तुमच्या अंगाचा नाही. मान सरकवून चित्र जुळवू नका, चीकपीस सरकवा. कारण मान थकते, आणि तुमच्या मॅचमधल्या नव्वद सेकंदांच्या घाईत ती दर वेळी वेगळ्या जागी पडते.

म्हणून दुकानात ग्रुपचे कागद बघण्याआधी चीकपीस वरखाली होतो का आणि बटची लांबी बदलते का ते बघा. बर्गारा एचएमआरला दोन्ही आहे असं ऐकलंय. टिक्का सीटीआर हातात घेऊन बघा.

पॅरिसला २०२४ मध्ये स्वप्नील कुसाळेनं ५० मीटर थ्री पोझिशनचं कांस्य घेतलं त्या दिवशी आमच्या ग्रुपवर सगळे रडत होते. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा मुलगा. तेजस्विनी सावंतही कोल्हापूरचीच, २०१० ला म्युनिकमध्ये प्रोनची, म्हणजे आडवं पडून मारायच्या प्रकाराची, विश्वविजेती. दोघांना जवळून बघितलेल्या कोणालाही विचारा, एकाच स्थितीत हजारदा जाऊन बसणं यावरच सगळं उभं असतं.

नवखा_एडिसन

धागा उत्तम चाललाय. मी एच-१बी वर आहे. मलाही जमेल का? मित्राची रायफल रेंजवर वापरली तर चालतं ना?

गल्फकोस्ट (ह्यूस्टन)

नवखा, हे नीट वाचा, यात चूक परवडणार नाही. फेडरल कायद्यानुसार नॉन-इमिग्रंट व्हिसावरच्या माणसाला बंदूकही बाळगता येत नाही आणि काडतुसंही नाहीत. एच-१बी त्यातच येतो. मोजके अपवाद आहेत, त्यातला आपल्यासारख्यांना लागू पडणारा म्हणजे कुठल्याही राज्याचा वैध शिकार परवाना. त्याची मुदत संपली की अपवादही संपला. मित्राची रायफल हातात घेणं हेही बाळगण्यातच धरलं जाऊ शकतं. शिवाय तुमच्या न्यू जर्सीत खरेदीसाठी वेगळं ओळखपत्र लागतं. इमिग्रेशनच्या वकिलाला विचारल्याशिवाय पाऊल टाकू नका. ग्रीन कार्ड धोक्यात घालण्याइतकी कुठलीच मॅच मोठी नाही.

डोंगरवाट, तुम्हाला ही अडचण नाही. कोलोरॅडोत २०२३ पासून ताबा मिळायला किमान तीन दिवस थांबावं लागतं, तेवढं धरून चाला. आणि कस्टम जुळवलीत तर कायद्याच्या लेखी ॲक्शन हीच बंदूक, ती परवानाधारक दुकानातूनच घ्यावी लागेल. बॅरल आणि चासी फेडरल कायद्याच्या लेखी नुसते सुटे भाग.

जुनीपानं (लंडन)

तुम्ही सगळे क्रीडमूर क्रीडमूर म्हणताय, तर त्या नावाची गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही, आणि ती या धाग्याच्या प्रश्नाला थेट भिडते.

हॉर्नेडीनं हे काडतूस २००७ साली काढलं, नाव मात्र न्यूयॉर्कच्या लाँग आयलंडवरच्या जुन्या रेंजचं. क्रीडमूर १८७३ ला सुरू झालं. पुढच्याच वर्षी आयर्लंडचा संघ तिथे आला, तेव्हाचे जगातले सर्वोत्तम मानले जाणारे नेमबाज. अंतरं ८००, ९०० आणि १००० यार्ड. आयरिश लोकांच्या हातात रिग्बीच्या तोंडातून ठासायच्या रायफली, नावाजलेल्या कारागिरांनी मेहनतीनं घडवलेल्या. अमेरिकनांच्या हातात रेमिंग्टन आणि शार्प्स या कारखान्यांच्या, मागून भरायच्या. अनेकांना वाटत होतं की मागून भरायची रायफल हजार यार्डांवर टिकणार नाही.

निकाल ९३४ विरुद्ध ९३१. अमेरिका तीन गुणांनी जिंकली. आणि त्या सामन्यात एका आयरिश नेमबाजाची अगदी मध्यावर लागलेली गोळी शेजारच्या निशाणावर गेली होती, तिचे गुण धरले नाहीत. तेवढे चार गुण मिळाले असते तर सामना आयर्लंडनं जिंकला असता. दीडशे वर्षं होऊन गेली, पण लांब पल्ल्याच्या नेमबाजीबद्दल बोलताना मला ती एक गोळी नेहमी आठवते.

डोंगरवाट (डेन्व्हर)

मंडळी, काय लिहू. इतकं मनापासून लिहिलंत. रविवारी एक गोष्ट केली, ती सांगतो.

रायफल न घेताच क्लब मॅचला गेलो. सकाळभर पाट्यांना रंग द्यायला आणि गुण लिहायला मदत केली. दुपारी एका गृहस्थानं त्यांची रायफल पुढे केली. पूर्ण कस्टम, ६ डॅशर या छोट्या काडतुसाची, वजन वीस पौंडांच्या वर. म्हणाले, शेवटच्या स्टेजच्या आठ गोळ्या तू मार.

लाकडी बॅरिकेड, त्यावर पिशवी, पिशवीवर रायफल. मी हात लावायच्या आधीच ती तिथे दगडासारखी बसली होती. निशाण ६०० यार्डांवर, साधारण बारा इंचांची पाटी. पहिली गोळी सुटली आणि रायफल इतकी कमी हलली की स्कोपमधून मला गोळी मातीत पडताना दिसली. डावीकडे, पाटीच्या कडेपासून वीतभर. धूळ उडाली आणि उजवीकडून डावीकडे वाहत गेली. मी उजवीकडे धरलं. परत धूळ, या वेळी पाटीच्या अगदी कडेला. तिसऱ्या गोळीला पाटी आधी हलताना दिसली आणि आवाज नंतर आला, घोडा दाबल्यापासून जवळजवळ अडीच सेकंदांनी. टण्ण. तो आवाज ऐकला आणि साताऱ्याचा एनसीसीचा माळ डोळ्यांपुढे आला.

आठपैकी तीन लागल्या. मागून ते गृहस्थ म्हणाले, “रायफलनं आठही गोळ्या तू धरलं होतंस तिथेच टाकल्या.” मला वारा वाचता येत नव्हता. पुढच्याच पाळीत एका सोळा वर्षांच्या मुलीनं साध्या कारखान्यातल्या रायफलनं आठपैकी सात मारल्या. प्रत्येक गोळीआधी ती गवताकडे बघायची, मग स्कोपमधल्या मृगजळाकडे, आणि मगच घोडा.

गल्फकोस्ट (ह्यूस्टन)

तुम्ही जे डोळ्यांनी पाहिलंत त्याचे आकडे देतो.

६.५ क्रीडमूरची १४० ग्रेन वजनाची गोळी, सेकंदाला साधारण २७०० फूट वेगाची. समुद्रसपाटीच्या हवेत ताशी दहा मैलांचा आडवा वारा तिला ६०० यार्डांवर सुमारे २८ इंच ढकलतो. म्हणजे एक मैलाचा अंदाज चुकला की पावणेतीन इंच गेले. तुमच्या डेन्व्हरला हवा विरळ, तिथे हे कमी भरेल, पण प्रमाण तेच राहतं.

आता रायफल. एक एमओएची, म्हणजे शंभर यार्डांवर साधारण एका इंचात गोळ्या टाकणारी, रायफल ६०० ला सहा इंचांचा ग्रुप देते, म्हणजे कडेची गोळी मध्यापासून तीन इंचांवर. अर्ध्या एमओएची देईल ती दीड इंचावर. फरक दीड इंचाचा. जास्तीचे आठशेएक डॉलर घालून तुम्ही दीड इंच विकत घेता, आणि वाऱ्यात एका मैलानं चुकलात की त्याच्या जवळपास दुप्पट घालवता. वारा वाचणं दुकानात मिळत नाही, गोळ्या झाडूनच येतं.

अजून एक, ग्रुपच्या कागदांना भुलू नका. लोक तीन गोळ्यांचे फोटो टाकतात. त्याच रायफलनं, त्याच दिवशी दहा गोळ्या झाडल्या की ग्रुप सरासरीनं दीडपटीहून थोडा मोठाच निघतो. तीन गोळ्यांचा सहा दशांश इंच म्हणजे दहा गोळ्यांचा जवळपास एक इंच. रायफल बिघडलेली नसते, तीन गोळ्या फार थोडं सांगतात एवढंच.

उद्यमनगरी (मिशिगन)

हे मान्य. मीही दहाच झाडतो.

पण डोंगरवाट, तुम्ही लिहिलेली एक गोष्ट सुटू देऊ नका. गोळी कुठे पडली ते तुम्हाला स्वतःला दिसलं, कारण ती रायफल जड होती आणि काडतूस लहान. टिक्का सीटीआर स्कोपशिवाय साडेसात पौंडांच्या आसपास आहे. ६.५ मध्ये ती उसळी मारेल, स्कोपमधलं चित्र जाईल आणि धूळ दिसणार नाही. जे दिसत नाही ते सुधारता येत नाही. त्यासाठी कस्टमच पाहिजे असं नाही, वजन पाहिजे.

मग मधला रस्ता सांगतो. माझं मूळ मत थोडं बदलून सांगतोय, कारण तुमच्या बजेटला हेच योग्य वाटतं. टिक्काच घ्या. फिनलंडच्या रीहिमाकीला साको कंपनी त्या बनवते, आणि कारखान्याच्या मालात इतक्या एकसारख्या ॲक्शन मी क्वचित मोजल्यात. त्यामुळे टिक्कासाठी खांद्याची प्रीफिट बॅरल तयार मिळतात. पहिलं वर्ष आहे तशी वापरा, स्टॉकच्या आत आणि बायपॉडजवळ वजन बांधा. दुसऱ्या वर्षी केआरजी ब्राव्हो, त्यात शमिकाताई म्हणतात तो चीकपीसही सरकतो. बॅरल संपलं की प्रीफिट. कारखान्याचं पहिलं बॅरल मात्र दात-ओठ खाऊन बसवलेलं असतं, नीट ॲक्शन रेंच नसेल तर हात घालू नका.

रानमेवा (सॅन होजे)

आणि जमलं तर पुढे कधीतरी एक .२२ घ्या. सीझेड ४५७ किंवा टिक्का टी१एक्स. १०० यार्डांवर .२२ ची संथ गोळी वाऱ्यात अशी वाहते की मोठ्या रायफलीची सगळी शिकवणी थोड्या पैशांत होते. आमच्या घरी आता आठवड्याला तीच चालते, मोठी रायफल महिन्यातून एकदा बाहेर निघते.

डोंगरवाट (डेन्व्हर)

घेतली. टिक्का सीटीआर, २४ इंची बॅरल. तीन दिवस थांबलो आणि शनिवारी आणली. बरोबर एकाच लॉटच्या २८० गोळ्या. बिल २९७० झालं, शब्द पाळला.

शमिकाताई, डोळे मिटून बघितलं. खाली चंद्रकोर येत होती. चीकपीस सरकत नाही म्हणून सध्या फोमची पट्टी आणि वर जुन्या सायकल ट्यूबचा तुकडा गुंडाळलाय. आता डोळा बरोबर मध्यावर येतो, दहापैकी दहा वेळा मोजून पाहिलं.

आज स्कोपचं शून्य साधल्यावर १०० यार्डांवर दहा गोळ्यांचा एक ग्रुप घेतला. १.१ इंच. त्यातल्या दोन माझ्या आहेत, घोडा दाबतानाच कळलं होतं. कागद जपून ठेवलाय. एक शंभर पानी वही केली आहे, त्यात तारीख, वारा, गोळ्या आणि बॅरलची एकूण बेरीज. पहिल्या ओळीत लिहिलंय: ३४.

उद्यमनगरी (मिशिगन)

अभिनंदन! त्या वहीतली बेरीज २००० वर गेली की इथे कळवा. ॲक्शन रेंच आणि गेज घेऊन मी डेन्व्हरला येतो, बॅरल आपण दोघं मिळून बदलू. वहिनींना सांगा, जेवायला असेन.